भुवईवरचं नाव

दर अकरा महिन्यांनी आम्ही नोकरीतून मरायचो आणि दोन दिवसांनी पुन्हा जन्म घ्यायचो. आम्ही म्हणजे कंत्राटी विशेष शिक्षक. ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही, किंवा ज्यांची समज वयाच्या मागे रेंगाळते, त्यांना साध्या शाळेत जाऊन शिकवणारे. करार अकरा महिन्यांचा. तो संपला की दोन दिवसांचा ब्रेक, मग नवा करार. कशासाठी, तर सलग नोकरी केली असं उद्या कुणी कोर्टात म्हणायला नको. शिवाय प्रत्येक वेळी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं की मी कायम होण्याचा हक्क सांगणार नाही आणि कधीही काढलं तरी माझी तक्रार राहणार नाही. हे मी इतक्यांदा लिहून दिलंय की झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवेन.

ब्रेकच्या दोन दिवसांत शाळेत जायचं नसतं. आम्ही जायचो. मुलाला कसं सांगायचं, की बाळा, आज आणि उद्या मी तुझी बाई नाही?

आणि काम म्हणाल तर शिकवणं सगळ्यात शेवटी. अपंगत्वाच्या दाखल्यांच्या शिबिराला मुलं गोळा करा, त्यांना ठाण्याच्या हॉस्पिटलात घेऊन जा, कानाच्या मशीनसाठी साचे घेताना त्यांचे हात धरून बसा, जी पोरं अंथरुणातून उठत नाहीत त्यांच्या घरी जाऊन शिकवा. एवढं करून शाळेत पोचावं तर मुख्याध्यापक म्हणणार, मॅडम, जरा मतदार यादीचं बघता का, आमचे सर रजेवर आहेत. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. वर कायम नोकरीतल्या बाया स्टाफरूममध्ये डबा खाताना म्हणायच्या, तुमचं बाई बरं असतं, फिरती नोकरी. मी एकदा एकीला म्हटलं होतं, चला माझ्याबरोबर फिरायला, कशेळीला कंटेनरच्या रांगेत रिक्षात बसून धूर खाऊ. ती पुन्हा बोलली नाही.

माझं नाव मेघाली. रंजिता आणि मी एकाच वर्षी लागलो, एकाच दिवशी. ऑफिसच्या बाहेर बाकावर शेजारी बसलो होतो. तिने मला विचारलं होतं, डबा आणलाय का? मी आणला नव्हता. तिने तिच्यातली अर्धी चपाती दिली. माझ्यासारख्या भांडखोर बाईला मैत्रीण मिळायला एवढं पुरतं.

मी बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिक्षण घेतलेलं. रंजिताचं शिक्षण मतिमंद मुलांचं. पण नेमणूक करणाऱ्याने नकाशा पाहिला, आमच्या पदव्या पाहिल्या नाहीत. मला भिवंडीतल्या कामतघरच्या शाळा दिल्या आणि रंजिताला वळ, कशेळी या गावांच्या. आता गंमत अशी की कामतघरला माझ्या वाट्याला एकही बहिरं मूल नव्हतं, सगळी रंजिताच्या विषयातली. आणि वळ-कशेळीकडे बहिरी मुलं, ज्यांच्याशी बोलायला रंजिताकडे एक खूण नव्हती. एकीकडे कुलूप आणि दुसरीकडे किल्ली. आम्ही बदलून मागितलं, अर्ज केला, पुन्हा केला. कुणी उत्तरही दिलं नाही.

तेव्हा कामतघरच्या शाळेचे मुख्याध्यापक प्रभाकर सर म्हणाले, "अहो, तुम्ही दोघी आपसात बघून घ्या ना. मुलं शिकली म्हणजे झालं. सह्या मात्र जिने तिने आपापल्या शाळेत करायच्या." ते भले माणूस. आमच्यासाठी स्वतःच्या चहातला अर्धा कप काढून ठेवायचे. आम्ही बघून घेतलं. ती कामतघरला जाऊ लागली, तिच्या घरापासून चालत. मी अंजूरफाट्यावरून रिक्षा धरून वळला. आठवड्यातून एकदा आपापल्या शाळेत जाऊन राहिलेल्या सह्या करून यायच्या. सगळ्या भिवंडीत विशेष शिक्षक हेच करत होते. ज्याचं जे येतं, तो ते शिकवतो. सरकारी नकाशावर मुलं शिकत नाहीत.

वळ गावात मला प्रियंका भेटली.

पहिलीच्या वर्गात शेवटच्या ओळीत बसायची. वर्गातल्या गुरुजींनी मला कौतुकाने सांगितलं, ही पोरगी फार गुणी, अजिबात आवाज करत नाही. मी कपाळाला हात लावला. पोरीला एक शब्द ऐकू येत नव्हता आणि घरात तिच्याशी कुणी कुठल्या भाषेत बोलावं हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिची आई मंदा गावालगतच्या गोदामात पॅकिंगला जाते. ती मला म्हणाली होती, "बाई, पोर हुशार हाय ओ. निस्ती बगत रहाते. पन तिच्या मनात काय चाललंय, तां मना कदी समजलाच न्हाय."

कितीतरी दिवस प्रियंका माझ्या हातांकडे नुसती बघत राहिली. मग एका दुपारी व्हरांड्यात मुंग्यांची रांग चालली होती. मी बोटांनी मुंगीची खूण केली. तिने रांगेकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि खदखदून हसली. त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत तिने मला वळमधली प्रत्येक मुंगी दाखवली. संध्याकाळी मंदा कामावरून आली तर पोरगी तिच्या पायाशी बसून बोटं नाचवत होती. मी सांगितलं, ती म्हणते आहे मुंगी. मंदा चप्पल न काढता तिथेच खाली बसली.

मग काय, धरणच फुटलं. आणि एक दिवस तिने मला नाव दिलं.

बहिऱ्या मुलांत अशी रीत असते. नाव उच्चारता येत नाही, म्हणून ते माणसाची एखादी खूण धरतात आणि तेच त्याचं नाव होतं. माझी डावी भुवई मधोमध कापलेली आहे. लहान असताना वडिलांना डबा द्यायला लूमवर गेले होते, तेव्हा मागावरचा धोटा उडून लागला. भिवंडीत अशा खुणा पुष्कळांच्या अंगावर सापडतील. प्रियंकाने बोटाने स्वतःच्या भुवईवर एक चीर ओढली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. तेव्हापासून वळ-कशेळीच्या सगळ्या बहिऱ्या मुलांत माझं तेच नाव. रंजिता कधीमधी माझ्याबरोबर यायची. तिला खुणा शिकायच्या होत्या आणि मी तिला हौसेने शिकवल्या. ती सारखी ओढणी खांद्यावर सावरते, म्हणून मुलांनी तिचं नाव ठेवलं खांद्यावरून बोटं झटकणं. तिला ते फार आवडलं नव्हतं. आम्ही हसलो होतो.

आमच्या शिकवण्याच्या दोन सवयी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक, हात आणि तोंड एकदम चालवायचं. खूण करताना तो शब्द मोठ्याने बोलायचाही, म्हणजे मुलाला ओठही दिसतात. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसापासून हे अंगात मुरवतात. मी फोनवर बोलतानाही माझा मोकळा हात चालू असतो, बाजारात लोक बघतात. आणि दोन, मूल चुकलं तर रागवायचं नाही. त्याचा हात हातात घेऊन बरोबर खूण करून घ्यायची, मग त्याला एकट्याला करायला लावायची, आणि जमलं की मनगटावर स्केचपेनने चांदणी काढायची.

अशी वर्षं गेली. प्रियंका चौथीत आली. मराठी वाचायला लागली, भांडायला लागली, खोटं बोलायला लागली. खोटं बोललेलं पाहून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. भाषा आल्याशिवाय खोटं बोलता येत नाही.

मग बातमी आली की आमच्यातल्या काहींना कायम करायचं ठरतंय. आधी पडताळणी होणार. वरून साहेब येणार, प्रत्येक शाळेत मुलांना भेटणार, नेमलेली बाई खरंच शिकवते का ते बघणार. ज्याचं काम दिसेल त्याची शिफारस होणार. मी रंजिताला म्हटलं, आता ही अदलाबदल आपल्या गळ्याशी येणार. ती म्हणाली, "अगं, घाबरतेस काय? आपण दोघी मिळून सरळ सांगू, मुलांसाठी केलं. प्रभाकर सर आहेतच सांगायला." मलाही हेच हवं होतं. वाकड्यात शिरायला मला आवडत नाही. ठरलं असं की साहेब वळला येतील तेव्हा दोघींनी तिथे असायचं आणि खरं काय ते त्यांच्या तोंडावर सांगायचं.

त्या दिवशी मी वळला वेळेच्या आधी पोचले. शाळेच्या मुख्याध्यापिका महिन्यापूर्वीच बदलून आलेल्या, त्यांना आमच्यातलं कोण कोण ते धड ठाऊक नव्हतं. जुने गुरुजी प्रशिक्षणाला गेलेले. मंदाची ड्युटी होती. साहेब आले, वर्गात बसले आणि म्हणाले, इथे नेमलेल्या बाई कोण त्या आत या. रंजिता आत गेली. जाताना तिने माझा हात दाबला. "बोलावते तुला," म्हणाली.

मी व्हरांड्यात खिडकीशी उभी राहिले. आत प्रियंकाला पुढे उभं केलं होतं. साहेब वाकून, बहिऱ्या माणसाशी लोक बोलतात तसे मोठमोठ्याने म्हणाले, "बाळ, तुला कोण बाई शिकवतात?" रंजिताने खूण करून विचारलं. खूण चांगली केली, मीच शिकवलेली होती. प्रियंका हसली. एवढं काय विचारायचं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तिने बोटाने भुवईवर चीर ओढली. एकदा नाही, दोनदा. मग हाताने, रोज येते, लांबून येते, रिक्षातून.

"काय म्हणते?" साहेबांनी विचारलं.

रंजिताने स्वतःच्या भुवईला बोट लावलं. "माझंच नाव सांगते आहे, साहेब. ही मुलं नाव खुणेने सांगतात. भुवईला बोट म्हणजे रंजिता बाई. रोज येतात म्हणते."

मी पुष्कळ फसवणूक पाहिली आहे. ऑफिसने केलेली, ठेकेदाराने केलेली. तिची चीड येते, आणि घरी जाऊन भांडी आपटली की उतरते. हे तसं नव्हतं. तिने माझं नाव चोरलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि ज्या पोरीने ते दिलं तिच्याच हातून. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी नुसतं ऐकून होते.

मी आत घुसले. म्हटलं, "साहेब, हे खोटं आहे. ती माझं नाव सांगतेय. हिला मी शिकवते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची नेमणूक कुठे?"

"कामतघर. पण आम्ही दोघींनी..."

"मग ड्युटीच्या वेळात तुम्ही इथे काय करताय?"

या प्रश्नाला मी आजही उत्तर शोधते आहे. खरं सांगितलं तर मी माझी शाळा सोडून फिरते हे सिद्ध होणार, आणि गप्प बसले तरी तेच. मी रंजिताकडे पाहिलं. तिने एक वाक्य बोलायला हवं होतं. ती ओढणी सावरत म्हणाली, "मॅडम कधीकधी मदतीला येतात, साहेब."

प्रियंका आमच्या तोंडांकडे बघत होती. या तोंडाकडून त्या तोंडाकडे. तिला काहीतरी बिघडलंय एवढं कळलं असणार.

दुपारी साहेब कामतघरला गेले. तिथली पोरं सरळ मनाची. तुमच्या बाई कोण म्हटल्यावर सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, रंजिता बाई. आणि ते तर खरंच होतं. प्रभाकर सरांना विचारलं, मेघाली मॅडम येतात का? सरांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "येतात अधूनमधून." परवानगी तोंडी होती, आणि त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. अशा तऱ्हेने एकट्या रंजिताने दोन्हीकडचं काम सांभाळलं असं दिसलं, आणि मी कुठलंच केलं नाही असं.

नंतर मी तिला गाठलं, तिच्या जिन्यात. तिने नाही म्हटलं नाही. म्हणाली, "आपल्या दोघींच्या शाळा मिळून एकच जागा राहणार होती. मला आदल्या दिवशी ऑफिसातून कळलं. माझा नवरा वर्षभर घरी बसलाय, त्याच्या लूमला कुलूप आहे. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

मी तिच्याशी भांडले असते. रडले असते. मग दोघींनी मिळून साहेबांसमोर दोन जागा मागितल्या असत्या आणि बहुतेक दोघींच्याही गेल्या असत्या. पण मी तिचं नाव माझ्या अंगावर ओढून घेतलं नसतं. हे मला छातीवर हात ठेवून सांगता येतं.

अकरा महिने संपले, आणि या वेळी माझा पुन्हा जन्म झाला नाही. संघटनेतले म्हणाले, कोर्टात जाऊ. वकिलाने ते स्टॅम्पपेपर वाचले आणि विचारलं, इतक्या वेळा हक्क सोडल्याचं लिहून दिलंत तुम्ही? मी म्हटलं, लिहून दिलं नसतं तर पहिल्या वर्षीच घरी बसले असते. ते म्हणाले, बघू. अजून बघताहेत. मी घरात शिकवण्या सुरू केल्या, चौथी-पाचवीच्या, ऐकू येणाऱ्या पोरांच्या. ती पोरं मी बोलताना माझ्या हातांकडे बघून हसतात.

वळला मी गेले नाही. जाणार होते, पण नव्या मुख्याध्यापिकेने निरोप पाठवला होता की आता शाळेत येऊ नका, चौकशी होते. प्रियंकाचा निरोपही घेता आला नाही.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी रंजिता माझ्या दारात उभी राहिली. मी दार लावणार होते. ती म्हणाली, "प्रियंकासाठी आलेय."

आत आली, पाणी प्यायली. कायम झाल्यावर माणसाच्या बसण्यात फरक पडतो, खुर्चीत ती पूर्ण टेकून बसली. प्रियंका तिच्यासमोर डोळे मिटून घेते, ती सांगत होती. हात काखेत घालून बसते. बहिऱ्या पोराने डोळे मिटले की दार बंद. ना बोलता येत, ना शिकवता. घरीही तसंच, आईशीसुद्धा बोलत नाही. आणि पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा येणार होते.

"तू एकदा येऊन तिला समजाव," रंजिता म्हणाली. "तुझं ऐकेल. आणि हे बघ, मी काही विसरले नाही. कशेळीला एक जागा निघतेय. मी साहेबांशी बोललेय, तुझं नाव लावतो म्हणालेत. फक्त आता जुनं काही काढू नकोस."

मला तिचा राग आला आणि त्याच वेळी कशेळीची जागा डोळ्यांपुढे आली. खोटं कशाला सांगू, मला ती नोकरी हवी होती. कंटेनरच्या धुरासकट हवी होती. मी म्हटलं, येते.

आम्ही एकाच रिक्षातून गेलो.

मंदा घरी होती. "आलाव का, बाई?" म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता आणि माया होती. "पोर रोज दारान बसाची. तुमी कलवला न्हाय, काय न्हाय. जातूय म्हनून तरी सांगाचा व्हता." रंजिता माझ्या बाजूला उभी होती. मंदा चहा टाकायला वळली.

प्रियंका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. हात काखेत. मला पाहिलं आणि डोळे मिटले. मी तिच्यासमोर खाली बसले, तिच्या गुडघ्यावर बोटाने मुंगी चालवली. वर चढवली, खाली उतरवली. मग एक डोळा उघडला. मग दुसरा. मग हात बाहेर आले, आधी अडखळत, मग भराभर.

तिने विचारलं, "साहेबांना मी तुझं नाव सांगितलं. तरी तुला पाठवून दिलं. मी चुकीची खूण केली का?"

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. इतके महिने ही पोरगी समजत होती की तिच्या हातांनी घोळ केला. तिने काहीतरी चुकीचं सांगितलं म्हणून मी गेले. म्हणून तिने हात काखेत घालून ठेवले होते. ज्या हातांना बोलतं करायला मी वर्षं घातली, ते हात रंजिताच्या एका वाक्याने मुके झाले होते, आणि आळ पोरीने स्वतःवर घेतला होता.

रंजिता मागे उभी होती. तिलाही प्रश्न कळला होता. "सांग ना," ती हळू आवाजात म्हणाली, "साहेबांना समजलं नाही म्हणावं. कुणाचीच चूक नाही म्हणावं."

तेवढं सांगितलं असतं तर कशेळी माझी होती.

मी ठरवलं, पोरीला खरं सांगायचं, पण फक्त तिला. हातांनी. रंजिता माझ्या पाठीमागे होती, तिला माझे हात दिसत नव्हते, आणि मंदा चुलीशी होती. मी हात उचलले. "तू बरोबर खूण केलीस. माझंच नाव सांगितलंस. साहेबांना ते या बाईने चुकीचं सांगितलं. भुवई हे तिचं स्वतःचं नाव, असं ती म्हणाली."

मंदाच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी हे सगळं मोठ्याने बोलले होते. शब्दन् शब्द, ठळक, ओठ दिसतील असं. इतक्या वर्षांची सवय. हात चालले की तोंड चालतंच.

"म्हंजे?" मंदा दारात येऊन उभी राहिली. "पोरीनं तुमचाच नाव सांगितलेला?"

"मेघाली," रंजिता म्हणाली, "आपलं ठरलं होतं."

"आपलं त्या वेळीही ठरलं होतं," मी म्हटलं. कशेळी गेली होती, आता कशाला भ्यायचं? आणि खरं सांगते, मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. नोकरी गेल्याचं दुःख दुसऱ्यांदा झालं, ते पहिल्यापेक्षा कमी नव्हतं.

मला वाटलं प्रियंका आता रंजितावर चिडेल. तिच्या अंगावर धावून जाईल. मंदाचा चेहरा तर तसाच झाला होता. पण मी त्या पोरीला जे शिकवलं होतं, त्यात माणूस मुद्दाम चुकीचं सांगतं हा धडा नव्हता. ती स्वतः खोटं बोलायची ते चॉकलेटपुरतं. मोठी बाई चुकते ती येत नाही म्हणून, एवढंच तिला ठाऊक होतं.

ती उठली आणि रंजितासमोर जाऊन उभी राहिली. तिचा उजवा हात हातात घेतला. तिचं बोट धरून तिच्याच भुवईवरून चीर ओढली, आणि माझ्याकडे दाखवलं. मग तिचा हात खांद्यावर नेऊन बोटं झटकली, आणि तिच्या छातीकडे दाखवलं. ही ती. ही तू. पुन्हा एकदा तसंच, सावकाश. मग हात सोडून दिला आणि हनुवटी उचलून खूण केली, आता तू एकटी कर.

रंजिताचे डोळे भरले होते. तिने भुवईवर चीर ओढली, माझ्याकडे बोट केलं. खांद्यावरून बोटं झटकली, स्वतःकडे बोट केलं. पहिल्याच खेपेला, अगदी स्वच्छ. ती खूण तिला पहिल्यापासून येत होती.

प्रियंकाने दप्तरातून स्केचपेन काढला आणि तिच्या मनगटावर चांदणी काढली. मग माझ्याकडे वळून, शिकवून झाल्यावर मी जशी उभी राहायचे तशी उभी राहिली आणि हातांनी म्हणाली, "आता हिला येतं. आता ही साहेबांना सांगेल. मग तू उद्यापासून ये."

"काय म्हनते पोर?" मंदाने मला विचारलं.

मी माझे हात मांडीवर ठेवले.

"यांना विचार," मी म्हटलं. "यांना सगळं समजतं."

मंदा रंजिताकडे वळली. प्रियंकाही तिच्या ओठांकडे बघत उभी राहिली.